अहो, टिंब काढा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कीबोर्ड झाडणं. दर शनिवारचं ते कामच होतं. ओसरीत पेपर अंथरायचा, म्या कीबोर्ड उलटा धरायचा, बायकोनं मागून थापट्या मारायच्या अन् मंग दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक बटण साफ करायचं. पेपरावर काय पडलं ते ती पाहे. त्या दिवशी शेवेचा तुकडा पडला, एक जिरं पडलं अन् तुरीचं टरफल पडलं.

"शेव तुमची," ती म्हणाली. "जिरं माझं असेल. टरफल कोणाचं?"

"मले काय मालूम."

"काय मालूम, असं उत्तर नसतं. तुमचं का माझं?"

"माहं," म्या म्हटलं. नाही तं ती सोडणार नव्हती.

तिनं कीबोर्डवर टॉवेल झाकला. म्हणाली, "उद्या दुपारी पाटाला पाणी येईल. सकाळी पाण्याची बारी लावायची आहे. तुम्ही लिहायला बसा, मी मागं उभी राहते. आजवर तुम्हाला चुका करायला बसवलं. उद्या बरोबर लिहायला बसा."

"माह्याच्यानं होते का ते?"

"हो का नाही?"

"हो," म्या म्हटलं.

जेवलो. जरा पडते म्हणाली अन् पडली, ते उठलीच नाही. डॉक्टर म्हणे, झोपेतच गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिले पोचवून आलो.

मले रडगाणं गायचं नाही. ती कशी होती ते सांगायचं आहे. तिच्यासारखी बाई या पाटावर दुसरी झाली नाही. हे मी नवरा म्हणून बोलत नाही. नवरा म्हणूनही बोलून राह्यलो, पण पाटावरच्या कोणालेही विचारा.

ती नेरची. तिचा बाप तहसीलीत कारकून. घरात सगळे कचेरीवाले, मराठी सगळ्यांची धुतलेली. ती नेरले टायपिंगच्या क्लासात शिकवे. मराठीही अन् इंग्रजीही. मी चौथी शिकलो अन् वावरात गेलो. अशा पोरीनं मले काहून पसंत केलं, हे साऱ्या नेरले कोडं होतं. लय वर्षांनी म्या एकदा विचारलंच. ती म्हणाली, "तुमच्या आधी तिघं पाहून गेले. शिक्षण विचारलं तर एक म्हणाला बीएसारखंच आहे, एक म्हणाला जवळजवळ बीए, एक म्हणाला बीए होऊनच राहिलं. तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, चौथी. तेवढ्यावर झालं."

यावरून तिचा सारा स्वभाव समजते. ‘जवळजवळ’ हा शब्द तिच्या घरात चाले ना. मी जेवायले बसलो की विचारे, "भाकरी किती?" मी म्हणे, "वाढ दोन-तीन." की झालं. "दोन का तीन? दोन-तीन असा आकडा नाही." पहिले मी चिडे. मंग ‘दोन’ म्हणायले शिकलो, अन् तिसरी लागली तं पुन्हा मागायले शिकलो. कोणी पाहुणा म्हणाला, संध्याकाळी येतो, तं म्हणे, संध्याकाळ म्हणजे वेळ नाही, वेळ सांगा. पाहुणे घाबरत. पण आमच्या घरी आलेल्या पाहुण्याले कधी थंडा चहा भेटला नाही, हेही लिहून ठेवतो.

एकदा म्या चहात मीठ टाकलं. दोन्ही डबे सारखेच होते, माही काय चूक? ती रागावली नाही. तिनं मीठ चिनी मातीच्या बरणीत टाकलं, साखर पितळी डब्यात टाकली, अन् दोन्ही माह्यासमोर ठेवून म्हणाली, "डोळे मिटा, हात लावा. कोणती साखर?" म्या हात लावून सांगितलं. "आता चुकून दाखवा," म्हणाली. चुकता येईना. तिचं म्हणणं असं, की माणसाले ‘नीट ध्यान द्या’ म्हणून सांगणं फुकट आहे. चूक करताच येणार नाही असे डबे ठेवावे.

मशीनचे क्लास गेले, कंप्युटरचे आले. बाकीच्या मास्तरनी रडत होत्या. हिनं कंप्युटर शिकून घेतला, पण माऊस काही हातात धरला नाही. माऊस टेबलाच्या खणात, सुतळी अन् जुन्या चष्म्यासंगं. म्हणे, "टायपिंगवाल्या बाईनं बटणांवरून हात उचलायचा नसतो. हात उचलला की वेग गेला." बसमध्ये बसली तरी तिची बोटं मांडीवर चालत. काय करतं म्हणून विचारलं तं म्हणे, दुकानाच्या पाट्या टाइप करते.

रिटायर झाल्यावर तिले काळी खिडकी सापडली. कंप्युटरात ती आतच राहते म्हणे, लोकाइले माहीत नसते. त्यात ना चित्र, ना बटण. काळा पडदा अन् एक लुकलुकती रेघ. तुम्ही एक ओळ लिहा, तो एक ओळ उत्तर देते. तिनं मले खुर्चीवर बसवून दाखवलं अन् तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, की लग्नातही नव्हता. "अहो, हा टाइपरायटर आहे," म्हणाली. "पण उत्तर देणारा."

मंग तिले त्या काळ्या खिडकीत चालणारे प्रोग्राम लिहायचे झाले. नेरच्या झेरॉक्सवाल्याकडून इंग्रजी कागदांची ही जाड चळत छापून आणली. ओळीखाली पट्टी ठेवून वाचे, धान निवडल्यासारखं. पोट्टे नाहीत, नातवंडं नाहीत, आमचं घर तसं शांतच. त्यात ती खुर्चीवर बसल्या बसल्या "असं होय!" म्हणून ओरडे, अन् मी गोठ्यातून पळत येई.

आता बारीची गोठ सांगतो.

आमच्या पाटावर गहू-हरभऱ्याले धरणाचं पाणी येते. प्रत्येकाची बारी ठरवावी लागते, की किती वाजतापासून किती वाजतापर्यंत कोणाच्या वावरात पाणी. पहिले त्याच्यासाठी काठ्या निघत. नामदेव पाटाच्या तोंडाशी, त्याचं वावर पहिलं. काशीराम पार टोकाशी. नामदेवचं आटोपल्यावर मधल्यांचं, अन् उरलंसुरलं काशीरामचं. पाणीवापर संस्थेच्या लोकाइनं हात जोडले, बाई तुम्हीच काहीतरी करा. तिनं ‘बारी’ नावाचा प्रोग्राम लिहिला. नाव टाका, वावर किती ते टाका, तो प्रत्येकाचे तास काढून देते. छापलेला कागद पाटाच्या गेटावर चिकटवायचा. पाटकरी तो पाहून पाणी फिरवे. पहिल्या सालीच काठ्या घरात राह्यल्या. मी गावात छाती काढून फिरलो.

अन् मंग काशीराम दारात आला. चपला बाहेर काढून उभा.

"बाई, बारी सरली, पण माह्या हरभऱ्याचा खालचा पट्टा कोरडाच राह्यला."

"पाण्याची चारी फुटली असेल कुठं," ती म्हणाली. "हिशेब कंप्युटरचा आहे. तो चुकत नाही."

"तो चुकत नसंल," काशीराम म्हणाला. "पट्टा तं कोरडा आहे."

दुसरी कोणी असती तं दार लावलं असतं. ही चपला घालून त्याच्यासंगं टोकापर्यंत गेली. चारी कुठं फुटली नव्हती. कोरड्या पट्ट्यात बसली, ढेकूळ फोडून पाह्यलं, घरी आली, अन् पाणीही न पिता कंप्युटरसमोर बसली. थोड्या वेळानं मले हाक मारली. आवाज बदललेला होता.

"काशीरामचं वावर किती?"

"दोन एकर वीस गुंठे. अडीच एकर."

"आपण ते कसं लिहितो?"

म्या बोटानं टेबलावर लिहून दाखवलं. दोन, टिंब, वीस. सारा गाव तसंच लिहिते, माह्या बापानं तसंच लिहिलं.

"मीही तसंच लिहिलं," ती म्हणाली. "पण चाळीस गुंठ्यांचा एकर हे कंप्युटरला कुठं माहीत? त्याला वाटलं, दोन एकर अन् वर आठच गुंठे. बारा गुंठे मी त्या माणसाचे खाल्ले."

ज्याइचे एकर पुरे होते, त्याइचं काही बिघडलं नव्हतं. उलट त्याइले जास्तीचं पाणी आलं. नामदेवचे एकर पुरे. आमचेही पुरे. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती उठून उभी राह्यली. "म्हणजे त्याचं पाणी आपल्या गव्हात आलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटावर सगळे जमले असताना ती मधात उभी राह्यली. कोणाच्या मागं नाही, मधात.

"काशीरामभाऊंचा पट्टा माझ्यामुळं कोरडा राहिला. चूक कंप्युटरची नाही, माझी आहे. पुढच्या बारीत आमच्या तासातून त्यांना पाणी जाईल. अहो, देता ना?"

"देतो," म्या म्हटलं.

नामदेव हसला. "बाई, बारा गुंठ्यासाठी एवढं? असं थोडंफार तं चालतेच."

"थोडंफार किती?" तिनं विचारलं. माणसं हसली, काशीराम तेवढा हसला नाही. तो तिच्याकडं पाहत होता. अशी चूक कबूल करणारा माणूस म्या कचेरीत पाह्यला नाही, पंचायतीत पाह्यला नाही. माह्या घरात होता.

घरी येऊन तिनं तो प्रोग्राम पुसून टाकला. सारा. म्या म्हटलं, टिंबाचं तेवढं दुरुस्त कर ना. म्हणाली, "आज टिंब सापडलं. उद्या दुसरं काही निघेल. दोन्ही डबे सारखे आहेत, तोवर मीठ चहात जाणारच."

मंग तिनं नव्या चौकटीत लिहायले घेतलं. त्याले इंग्रजीत फ्रेमवर्क म्हणतात. तिनं मले समजावलं ते असं: सुताराकडं दाराची तयार चौकट मिळते, कडी कुठं, बिजागरी कुठं, सगळं ठरलेलं. आपण आपलं दार तेवढं बसवायचं. पण दार वाकडं असलं तं ही चौकट ते बसूच देत नाही. प्रत्येक खान्यावर पहिले लिहून द्यायचं, की यात कोणत्या वाणाचं येईल. नावाचं वाण वेगळं, एकराचं वेगळं, गुंठ्याचं वेगळं, तारखेचं वेगळं. एकराच्या खान्यात गुंठे टाकले की चौकट हात आडवा करते.

"म्हणजे बियाण्याच्या थैलीवर वाण छापलं राहते तसं," म्या म्हटलं.

"तसंच. फक्त इथं थैलीत दुसरं निघालं तर पेरणीच होत नाही."

हे मले एकदम पटलं. थैलीवर एक अन् आत दुसरं, हे आमच्या जिल्ह्यात कोणाले समजावून सांगा लागत नाही.

ती चौकट लय खडूस होती. दिवस दिवस तिच्यासंगं भांडे. प्रोग्राम चालायच्या पहिलेच लाल अक्षरं फेकून मारे, की हे बसत नाही, ते बसत नाही. मी म्हणे, काहून असल्याच्या नादी लागतं? ती चष्मा पुसे अन् म्हणे, "आत्ता टेबलावर भांडलेलं बरं. पाणी सुटल्यावर पाटावर नको." अन् पुन्हा बसे. लाल अक्षरं आली की दुसऱ्याचं तोंड उतरते, हिचं खुले. सासूले सून आवडावी तशी तिले ती चौकट आवडे. खोड काढणारी, पण खरं बोलणारी.

अन् या कामात माही नोकरी होती. माही नोकरी म्हणजे चुकणं.

"बसा," ती म्हणे. "चुका करा."

"कोणती करू?"

"मी सांगितली तर ती चूक कशी होईल? तुमची तुम्ही करा."

मी एका बोटानं टाइप करे. नावाच्या जागी आकडा टाके. एकराच्या जागी ‘लय’ म्हणून लिहिलं. गुंठे पन्नास लिहिले. तारखेच्या जागी ‘पोळ्याच्या आधी’ लिहिलं. एकदा चहाचा कप बटणांवर टेकला अन् नुसतं सससस उमटलं, तेही तिनं पुसू दिलं नाही, "थांबा, याला काय म्हणतो ते पाहू," म्हणाली. माही एकेक चूक झाली, की ती टाळी वाजवे. ‘वा!’ म्हणे. उभ्या जिंदगीत माह्या चुकीवर कोणी वा म्हटलं नव्हतं. अन् प्रत्येक चुकीसाठी ती एक उत्तर लिहून ठेवे, की पुन्हा कोणी असा चुकला तं पडद्यावर काय यावं. माह्यासारखा चुकणारा तिले साऱ्या जिल्ह्यात सापडला नसता, हे ती चारचौघात सांगे. मी मान हलवे. खरं होतं ते.

पण उत्तरं सारी मलेच लिहिलेली. अहो, पन्नास गुंठे म्हणजे एकराच्या वर झाले, नीट सांगा. अहो, पोळा ही तारीख नाही. अहो, लय म्हणजे किती? काळ्या खिडकीत मराठी नीट बसत नाही, वेलांटी अक्षरावरून घसरून बाजूले बसते, काना एकटाच पडते. पण वाचता येते. ती रागात असली की तिची धुतलेली मराठी सुटे अन् माह्यासारखं बोले, तसंही काही उत्तरांत उतरलं होतं.

एकदा बारी लावताना नामदेवले खुर्चीवर बसवलं. त्यानं घाईत काहीतरी चुकीचं दाबलं अन् पडद्यावर वाचून असा उठला, की खुर्ची मागं पडली.

"बापा! बाई मले अहो म्हणून राह्यल्या!"

सारे हसले. ती गोरीमोरी झाली. तिच्या तोंडावर असं लाजणं म्या दोनदाच पाह्यलं, त्यातलं हे एक. लोक म्हणाले, बाई, ते ‘अहो’ काढून टाका. ती म्हणाली, "चुकू नका, मग कोणी अहो म्हणत नाही." अन् तसंच ठेवलं. तवापासून आमच्या पाटावर कोणाची चूक झाली, की दुसरा म्हणते, अहो झालं वाटते.

सारी नावं टाकून झाली, की शेवटी प्रोग्राम एक प्रश्न विचारे. अजून कोणी राहिलं का? हो का नाही. दोनच उत्तरं, तिसरं घेत नाही. म्या म्हटलं होतं, हे कायले विचारतं, सारे तं झाले. ती म्हणाली, "टोकाचा माणूस नेहमी राहतो. म्हणून विचारायचं." अन् ‘नाही’ म्हटल्याबिगर कागद छापत नाही.

तवापासून काशीरामचा खालचा पट्टा कधी कोरडा राह्यला नाही. पाटाच्या तोंडापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा हरभरा पाहायचा असंल, तं आमच्याकडं या. मी त्याच्या कडेनं चालतो तवा मले ते हिरवं तिचं वाटते.

आता नदीवरची गोठ. चिता पेटली होती. लोक झाडाखाली बसले होते. नामदेव हळूच म्हणाला, "उद्या पाणी येते. बाई तं गेल्या. आता पहिलेसारखंच करू, वरचा पहिले." कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. काशीराम अंगठ्यानं माती उकरत राह्यला. यंदा त्यानं दुसऱ्याचं वावर वाट्यानं, बटईनं घेतलं होतं, जुनं अन् नवं मिळून तीन एकर दहा गुंठे. ते नव्यानं टाकायचं होतं. पण माणूस जळून राह्यला असताना आपल्या पाण्याचं कोण बोलते? म्या सारं ऐकलं.

सकाळी माणसं बसायले आली. नामदेव आला, काशीराम आला. एक म्हातारा म्हणाला, "सुतक आहे, आज कशाले हात लावू नको." म्या म्हटलं, "पाण्याले सुतक नाही." हातपाय धुतले अन् तिच्या खुर्चीवर बसलो. टॉवेल काढून घडी केला. बटणं स्वच्छ होती, आदल्या दिवशीच झाडलेली.

मागं कोणी उभं नव्हतं. म्या एका बोटानं बारी उघडली. बाकीच्यांचं जसंच्या तसं होतं, काशीरामचं तेवढं बदलायचं होतं. त्याचं नाव शोधून काढलं. एकराच्या खान्यात बापानं शिकवलं तसं लिहिलं. तीन, टिंब, दहा. अन् बटण दाबलं.

पडद्यावर आलं, अहो, टिंब काढा. एकर वेगळे सांगा, गुंठे वेगळे सांगा. घाई कायची आहे तुमाले?

वेलांट्या साऱ्या घसरलेल्या. ही ओळ तिनं रागात लिहिली होती. तो राग माह्यावर नव्हता, स्वतःवर होता, हे मलेच माहीत.

"काढतो," म्या म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ओसरीतल्या माणसांनी वळून पाह्यलं.

टिंब काढलं. एकर तीन. गुंठे दहा. घेतलं त्यानं. मंग शेवटचा प्रश्न आला. अजून कोणी राहिलं का? हो का नाही.

मी तसाच बसलो. रेघ लुकलुकत राह्यली, ती काही घाई करत नव्हती. नामदेव दारात येऊन उभा राह्यला अन् पडद्याकडं पाहून त्यानं टोपी काढली.

म्या लिहिलं, नाही.

कागद निघाला. गरम होता. म्या तो नामदेवच्या हातात दिला. म्हटलं, "वाचून पाह्य. थोडंफार कुठं नाही." त्यानं वाचला, मान हलवली अन् काशीरामले दिला. आम्ही तिघं पाटावर गेलो. कागद गेटावर चिकटवला, काशीरामनं त्याच्या चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, अन् मी घरी येऊन कीबोर्डवर टॉवेल झाकला.